मुळांना अडकलेलं

"ताई, खारफुटीच्या मुळांना ते काय अडकलंय?" मी हे विचारूच शकणार नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी वर्गातल्या मुलग्यांसमोर मोठ्यांदा विचारलं.

"सॅनिटरी पॅड," खाडी दाखवणाऱ्या ताई शांतपणे म्हणाल्या. "झाड याच मुळांनी श्वास घेतं. हे चिकटलं की गुदमरतं."

मुलं फिदीफिदी हसली. शी! फुगलेले, काळपट पॅड आणि त्यांवर चढणारे खेकडे! बाबांना दिसू नयेत म्हणून आईसुद्धा माझे पॅड काळ्या पिशवीत बांधून खाडीपुलावरूनच फेकते. म्हणजे यात माझेही असणार. ई!

रात्री घरी जेवताना मी जाहीर केलं, "आजपासून माझे पॅड कागदात गुंडाळून, सफाई कामगारांना कळावं म्हणून लाल खूण करून कचरागाडीतच जाणार."

"अगं, बाबांसमोर काय हे!" आई पुटपुटली.

"बाबांसमोरच. आणि बाबा, ती पुडी खाली तुम्ही न्यायची."