जड नाव

"आयू कुसुमनिंग्रात कोण आहे?" सिस्टरने तिसऱ्यांदा विचारलं.

सात नंबरच्या खाटेवर वार्सी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. हात आपोआप वर जाईल याची तिला भीती वाटत होती. सिस्टरच्या ट्रेमध्ये रक्ताची पिशवी होती आणि ती तिच्यासाठीच आली होती. पण पिशवीवर जे नाव होतं ते चौदा वर्षांत तिच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

आमच्या बान्युमास मुलखात नाव जड झालं की पोर वाकतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वार्सीच्या बापाला हौस दांडगी. सायकलींची पंक्चरं काढणारा माणूस, आणि मुलीचं नाव ठेवलं राजघराण्यातलं. चार वर्षांची असताना पोर पिवळी पडली, पोट फुगलं. थॅलेसेमिया निघाला. आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. लगोलग नामकरणाची लाल-पांढरी खीर शिजवली, शेजारीपाजारी वाटली आणि नाव बदललं. वार्सी. साधं, हलकं, कुणाच्या डोळ्यांवर न येणारं. जुनं नाव कुणी घ्यायचं नाही, आणि घेतलंच तर हिने ओ द्यायची नाही. दिली की आजाराला घर सापडतं.

मुलांच्या वॉर्डात हे निभून गेलं. दर तीन आठवड्यांनी रक्त. तिथल्या जुन्या सिस्टरने फाइलवर पेन्सिलीने वार्सी लिहून ठेवलं होतं. नाव आई सांगायची, जन्मतारीख आई सांगायची, कुठे दुखतंय तेही आईच सांगायची. वार्सीच्या बरोबरीची दोन मुलं गेली. वार्सी राहिली. त्यांच्या आयांना मी नाव बदला म्हणून सांगत होते, असं तिची आई सुमार्नी अजून सांगते. तिचा त्यावर देवासारखा विश्वास, आणि खरं सांगायचं तर वार्सीचाही.

मग अठरावं सरलं आणि तिला वरच्या मजल्यावर, मोठ्यांच्या वॉर्डात पाठवलं. इथे सगळं ओळखपत्राप्रमाणे, आणि ओळखपत्र जन्मदाखल्याप्रमाणे. आज पहिलाच दिवस होता.

सुमार्नी पुढे झाली. ही वार्सी, रक्त हिचंच, लावा, असं तिने सांगितलं. सिस्टर काही वाईट नव्हती. पण मोठ्या माणसाने नाव आणि जन्मतारीख स्वतःच्या तोंडाने सांगायची, ती पिशवीशी जुळली तरच सुई, असा इथला नियम होता. दुसऱ्याच्या नावचं रक्त चढलं तर माणूस हातचा जातो, म्हणाली. आईचं सांगणं इथे चालत नाही. शिवाय पिशवी फ्रिजमधून निघून वीस मिनिटं झाली होती. अजून दहा मिनिटं, मग ती लावता येणार नव्हती.

ही पिशवी मिळायला चार दिवस लागले होते. इतक्या वर्षांत इतक्यांचं रक्त अंगात गेल्यावर वार्सीला जुळणारं रक्त आताशा मिळतच नसे. तिचं हिमोग्लोबिन पाचाच्या खाली आलं होतं. जिना चढताना ती दोनदा पायरीवर बसली होती.

"तोंड उघडू नकोस," सुमार्नी तिच्या कानाशी म्हणाली. "मोठ्या डॉक्टरांचे पाय धरते मी." आणि ती धावत बाहेर गेली.

वार्सी एकटी राहिली. दवाखान्यात ती आजवर आईशिवाय कधी बसली नव्हती. ओ दिली तर मरेन असं वाटत होतं, आणि नाही दिली तर मरेन हे समोर दिसत होतं. सिस्टरने घड्याळ पाहिलं. ट्रे उचलला. ती दारापर्यंत गेली.

"मी," वार्सी म्हणाली. आवाज इतका बारीक की सिस्टर थबकली, पण वळली नाही. वार्सीने पुन्हा प्रयत्न केला. "मी आयू कुसुमनिंग्रात. जन्म सव्वीस मार्च."

सिस्टरने पिशवीवरचं वाचलं, मनगटावरचा पट्टा वाचला, आणि सुई टोचली.

सुमार्नी परत आली तेव्हा नळीतून रक्त उतरत होतं. डॉक्टर भेटलेच नव्हते. तिने पिशवीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ती मटकन खाली बसली.

"काय केलंस गं हे," ती म्हणाली. "चौदा वर्षं मी तो आजार दाराबाहेर ठेवला. आता तो परत येईल."

वार्सीने मोकळ्या हाताने आईचा हात धरला.

"आई," ती म्हणाली, "तो गेला होता कधी?"