नेट आल्यावर

नेट सुरू झालं आणि चौदाव्या रांगेतला टायवाला विमानात बसल्यापासून पहिल्यांदा हसला. तेही फोनमध्ये बघून. नेट सुरू करून देणारी एअर होस्टेस समोर उभी होती, तिला दोन शब्द बरे बोलावेत असं काही त्याला वाटलं नाही. तिचीही अपेक्षा नव्हती. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, हे या नोकरीत पहिल्या आठवड्यातच कळतं.

त्याआधी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा तिच्यावर ओरडला होता. "बघते," म्हणून ती वळली तर त्यानं तिचं मनगटच धरलं. "नेट आहे म्हणून या विमानाचं तिकीट काढलं. नेट नाही तर काय तुझं तोंड बघत बसू?" तिनं हात हिसडून सोडवला आणि म्हणाली, "थोडा वेळ नेट नसलं म्हणून कोणी मरत नाही, साहेब." एवढंच. मग मागच्या पॅन्ट्रीत जाऊन तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, थोडं थांबून परत चालू केलं, आणि नेट आलं.

आता ती चहाची ट्रॉली ढकलत निघाली होती आणि लोक चहापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होते. दोन मुली फोनवर वाकून खुसखुसत होत्या, ती जवळ येताच गप्प झाल्या. पार शेवटून दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थानं कप घेताना शेजाऱ्याला कोपर मारलं.

"नेट नसलं तर चालतं हो, चहा नसला तर मात्र माणूस मरतो."

इतक्या मागे बसलेल्या माणसाला तिचं वाक्य कुठून ऐकू गेलं? ती विचारात पडली, तेवढ्यात पलीकडच्या आजींनी चष्मा सारखा करत फोन तिच्यापुढे धरला.

"बाळ, ही तूच ना गं?"

तीच होती, टायवाल्यानं टाकलेल्या व्हिडिओत. कपाळाला आठ्या, आवाज चढलेला. वर लिहिलं होतं, प्रवाशाला मरणाची भाषा ऐकवणारी एअर होस्टेस. खाली शिव्यांची रांग लागली होती. उड्डाणात क्रूला फोन उघडायची बंदी, त्यामुळे सगळ्या विमानाला आणि खालच्या अख्ख्या जगाला जे कळलं होतं ते एकट्या तिलाच ठाऊक नव्हतं. व्हिडिओ सुरू होत होता तो तिनं हात सोडवल्यानंतर. मनगट नाही, त्याचं बोलणं नाही. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्या मारायला नेट चालू करून दिलं ते तिनंच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पॅन्ट्रीत सगळ्यांत सीनियर बाई पडदा ओढून तिची वाट बघत होत्या. क्रूनं त्यांचं नाव सासूबाई ठेवलं होतं, तोंडावर मात्र ताई.

"ऑफिसातून कॅप्टनला निरोप आलाय," ताई म्हणाल्या. "उतरल्यावर तू थेट ऑफिसात जायचंस. त्याआधी त्याच्या सीटपाशी जाऊन माफी मागायची. त्याला रेकॉर्ड करायची असेल तर करू द्यायची."

"ताई, त्यानं माझा हात धरला होता. तुम्ही मागेच उभ्या होतात. तुम्ही बघितलंत."

"बघितलं."

"मग सांगा ना त्यांना."

"व्हिडिओत आहे का ते?" ताईंनी ओट्यावरचे कप रचायला घेतले. "हे बघ, तुझी नोकरी अजून कच्ची आहे. माझी पेन्शन जवळ आलीय. दोन शब्द बोलून मोकळी हो. तोंड झिजेल का तुझं?"

तिला त्या टायवाल्यापेक्षाही या क्षणी ताईंचा राग आला. पण घर डोळ्यांपुढे आलं. वडील घरी बसलेले, धाकटीचं कॉलेज चालू, आणि 'आमची विमानात असते' असं दारात उभं राहून सांगणारी आई. तिनं ओठ घट्ट मिटले, केस सारखे केले आणि चौदाव्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली. आसपासच्या माना आपोआप वळल्या.

टायवाल्यानं फोन उचलला. "लाइव्ह आहे हं. खूप लोक बघतायत. जरा वाकून बोला, चेहरा येत नाहीये."

ती वाकली. "मघाशी मी जे बोलले त्याबद्दल आपली मनापासून माफी मागते, साहेब. माझी चूक झाली. पुन्हा असं होणार नाही." शेजारच्या प्रवाशानं मान खिडकीकडे फिरवली.

ती सरळ झाली. नोकरी वाचली असावी.

"एक मिनिट," टायवाला फोनवर बोट आपटत म्हणाला. "मध्येच अडकलं. तुमचं नेट म्हणजे ना... हां, आलं. परत एकदा म्हणा."

"परत?"

"मग काय? अर्धवट माफी लोकांना काय दाखवू? नीट, सगळं सुरुवातीपासून."

तिनं फोनकडे पाहिलं. कोपऱ्यातला बघणाऱ्यांचा आकडा वाढतच होता. कंपनीनं शिकवलेलं हसू तिच्या चेहऱ्यावरून उतरलं, आणि तिनं आपला उजवा हात त्याच्यापुढे केला, फोनमध्ये नीट दिसेल असा.

"सुरुवातीपासून ना? मग धरा मनगट."