बायजामाय

कुसुमताईंनी पिशवीतून बिअरची रिकामी बाटली काढून वकिलाच्या टेबलावर ठेवली. जवाहरनगरातल्या कुणाच्या तरी पार्टीतून ती मोहाडीला, त्यांच्या दुकानापर्यंत पोचली होती. लेबलवर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, 'बायजामाय'.

"हे माह्या सासूचं नाव हाय," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाले, आमच्या कोशाच्या रेशमी साड्या याच नावानं चालतेत. आता लोक दुकानात येऊन हासतेत. म्हणतेत, काय कुसुमताई, दारू काढली का?"

वकील मनिषने बाटली फिरवून पाहिली. पुण्याची कंपनी होती. "साड्यांसाठी नाव नोंदवलेलं आहे ना?"

"माह्याच नावानं."

"मग बिअरसाठी त्यांनी केलेल्या नावनोंदणीच्या अर्जाला विरोध करू. जिंकूच असं नाही. कापड वेगळं, बिअर वेगळी. पण हे नाव कुठून आणलं, ते त्यांना सांगावं लागेल."

कुसुमताईंचे यजमान गोपाळराव शेजारीच बसले होते. "जाऊ दे ना," ते म्हणाले. "मोठ्या लोकायसंग कायले भांडून राहिली तू? नावच तं हाय."

"तुमच्या मायचं हाय. तुम्हाले राग कसा येत नाही?"

गोपाळरावांनी बाटली उचलून पिशवीत टाकली.

विरोध दाखल झाला. त्यानंतर गोपाळराव ताटावरून अर्धपोटी उठू लागले. कुसुमताईंना वाटलं, आईचं नाव असं बाटलीवर पाहून माणूस आतून खचला. बारा वर्षांपूर्वीही ते असेच खचले होते. एकुलती एक लेक मोनिका पुण्याला नोकरीत होती. अपघातात गेली. गोपाळराव एकटेच धावले आणि तिकडेच सगळं उरकून कलश घेऊन परतले. तोंड पाहण्यासारखं नव्हतं, एवढंच म्हणाले. वैनगंगेवर तो कलश कुसुमताईंच्या हातून सोडवून घ्यावा लागला होता.

सासू गेली, लेक गेली. उरलं होतं ते हे नाव. आता तेही लोकांच्या कचऱ्यात जाऊन पडत होतं.

सहा महिन्यांनी मनिषचा फोन आला. कंपनीचं उत्तर आलं होतं.

"तू राहा घरी, मी पाहून येतो," गोपाळराव म्हणाले. कुसुमताईंनी ऐकलं नाही.

मनिष इंग्रजी कागद वाचून मराठीत सांगू लागला. "मालकिणीचं प्रतिज्ञापत्र आहे. म्हणते, बायजामाय ही माझी आजी. मोहाडीची."

"लबाड!" कुसुमताई उसळल्या. "तिले एकच नात होती."

मनिष पुढे वाचत गेला, तसा त्याचा आवाज उतरत गेला. "'जातीबाहेर लग्न केलं म्हणून वडिलांनी मला घर बंद केलं. आईला मी पत्रं लिहीत राहिले. एकाचंही उत्तर आलं नाही. आजीचं नाव तेवढं माझ्याजवळ राहिलं, तेच मी धंद्याला दिलं. विरोध करणारी बाई माझी आई आहे.'" तो थांबला. "खाली सही आहे. मोनिका."

कुसुमताईंनी टेबलाची कड घट्ट धरली. त्या नवऱ्याकडे वळल्या.

गोपाळराव कागदाकडे रागानं पाहत होते.

"आपल्या घरातलं नाव कुठीच लावू नको," ते म्हणाले, "म्हून बजावलं होतं मी तिले."