पिवळी आणि तपकिरी

"पुन्हा सांगा," परीक्षक म्हणाले. "अळी पान गुंडाळते कशी?"

तिसऱ्यांदा! तोंडी परीक्षा दोनला सुरू झाली होती, आता सहा वाजत आले होते. विद्यार्थिनीने पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. अळी पानाच्या कडांमध्ये रेशमाचे धागे ताणते. धागे आखडले की पान वळतं. त्याच सुरळीत ती खाते, वाढते, कोष करते. आठ-दहा दिवसांनी त्यातून नखाएवढा पतंग निघतो.

विद्यार्थी या गृहस्थांना पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. त्यात पिवळ्या पतंगाला स्वतंत्र प्रजाती ठरवून नाव देणारे हेच. आणि हिचा प्रबंध म्हणत होता, पिवळी स्वतंत्र नाहीच. ती तपकिरी पतंगाची मादी आहे. मोजमापं होती, चित्रं होती, पण दोघांची जोडी जमलेली कुणी पाहिली नव्हती. पाळलेल्या अळ्या रोगाने गेल्या. वाचलेली एकच पिवळी आज सकाळी कोषातून निघाली होती, ती जाळी लावलेल्या बरणीत घालून हिने इथे आणली होती. आज ही नापास झाली की चार वर्षं पाण्यात.

"ती बरणी टेबलावर कशाला? खिडकीत ठेवा," परीक्षक आल्या आल्याच खेकसले होते. "आणि खिडकी उघडा, गुदमरायला होतंय."

मार्गदर्शक बाई चुळबुळल्या. "सर, निकाल काय तो सांगून टाका ना."

"घाई कसली? आता अंड्यांवर बोलू."

बाईंनी कपाळाला हात लावला. माणूस पोरीचा नुसता जीव खात होता. अंड्यांवर बोलून झालं. बाहेर बागेतलं ऊन उतरलं.

आणि बरणीच्या जाळीवर एक तपकिरी पतंग येऊन बसला. पंखांवर तिरका काळा पट्टा. मग दुसरा आला. मग चार. खोलीतला दिवा सोडून सगळे पिवळीभोवती घिरट्या घालू लागले. तिने जाळी उचलून एकाला आत घेतलं. थोड्याच वेळात जोडी जमली.

"जमलं!" ती ओरडली. बाईंनी तर टाळ्याच वाजवल्या.

परीक्षकांनी बरणीत बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचं जाडजूड पुस्तक उघडून, आपण दिलेल्या नावावर पेनने रेघ मारली.

"वाईट वाटलं असेल, सर," बाई म्हणाल्या.

"वाटलं ना. महिन्यापूर्वी, प्रबंध वाचला तेव्हाच." ते पहिल्यांदाच हसले. "पण मादीच्या वासावर येणारे हे नर दिवस कलल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. तोवर या पोरीला इथे बसवून ठेवायचं, तर काहीतरी विचारत राहायला नको?"