नाक्यापुरत्या साखळ्या

तपासणी नाका ओलांडला आणि मालकाची जीप नेहमीसारखी माझ्या ट्रेलरला आडवी आली. ट्रेलरवरचं पोकलेन जखडणाऱ्या साखळ्या सोडून मालकानं जीपमध्ये भरल्या. ट्रेलर पाच, साखळ्या एकापुरत्या. नाक्यावर दाखवायच्या आणि मागच्याला पोचवायच्या. "मालक, पुढे उतार आहे. ब्रेक दाबला की वीस टनांचं धूड केबिनमध्ये घुसेल. माझा मेहुणा असाच गेला ना?" "तो घाईपायी मेला. पोकलेन वजनानंच बसून राहतं रे, चिखलातल्या म्हशीसारखं. निघ!" तेवढ्यात जीपमधून कुत्रं भुंकलं. मागच्या सीटवर त्याला छातीपोटाला पट्टे लावून बांधलं होतं. "याला कशाला बांधलंय?" मालकाचा आवाज लोण्यासारखा झाला. "ब्रेक लागला की पुढे आपटतं बिचारं." मी थुंकून ट्रेलरची किल्ली जीपमध्ये फेकली. "कुत्र्याला माझ्या जागी बसवा. साखळ्या आपोआप परत येतील."