हिरवी चौकट

“आणि शेवटची सवय,” सुश्रुत फळ्यावर लिहीत म्हणाला, “दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय कुणाचाही कोड साइटवर चढणार नाही. माझासुद्धा नाही.”

पेणमधल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात शुक्रवारी जेवणं झाली की तो नव्या पोरांना शिकवायला उभा राहायचा. वेबसाइट बनवायचं ऑफिस त्याचंच, त्यामुळे ऐकणं भाग होतं. पण शिकवायचा छान, हे कबूल करायला हवं. नावं अशी ठेवा की वाचणाऱ्याला अर्थ विचारावा लागू नये. चूक झाली तर ती दडपू नका, दिसू द्या. पोरं भराभर उतरवून घेत होती.

“मनस्वी, माझं सकाळचं काम वाचलंस ना?” त्याने मागच्या टेबलाकडे पाहिलं. मनस्वी ऑफिसातली सगळ्यात जुनी. “मंजूर करून टाक. म्हणजे कसं चढवायचं ते सगळ्यांना दाखवतो.”

“वाचलं, सर. मंजूर नाही करणार.”

पोरांचे हात थांबले.

काम धाटावच्या एका कारखान्याचं होतं. तिथल्या प्रत्येक शेडमध्ये विषारी वायू मोजणारा सेन्सर होता, आणि त्याचा आकडा सुश्रुतने बनवलेल्या पानावर एकेका चौकटीत दिसायचा. चौकट हिरवी असेल तर माणसं आत पाठवायची, लाल असेल तर नाही. चार नंबरच्या शेडचा सेन्सर गेल्या शनिवारी बंद पडला, तेव्हापासून ती चौकट लाल होती. आत्ताही समोरच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर लालच दिसत होती.

“काय चुकलंय माझ्या कोडात?” सुश्रुतने हसून विचारलं. मालक असा हसला की पुढे काय होतं, ते पोरांना एव्हाना कळायला लागलं होतं.

“चुकलं काहीच नाही. नावं सुरेख आहेत, सगळ्या चाचण्या पास होतात. फक्त सेन्सरने उत्तर दिलं नाही तर शेवटचा जुना आकडा दाखवायचा, असं लिहिलंय तुम्ही. तोही हिरव्यात. सेन्सर मेलाय, सर. आणि आपण सांगायचं, बारा आकडा आहे, सगळं ठीक आहे.”

“कंपनीने तसं मागितलंय. लाल चौकटीमुळे त्यांचं काम अडलंय. सोमवारी नवा सेन्सर बसतोय, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“मग दोन दिवस लाल राहू दे.”

“गिऱ्हाईक कोण आहे, तू की ते?”

“आत जाणारा कोण हाय ते विचारा ना!” मनस्वीचा आवाज चढला. रागाच्या भरात घरची बोली तोंडात आली, आणि तिने ती आवरलीही नाही. “माझे बाबा हायत त्या शेडमध्ये हेल्पर. आज दुपारची शिफ्ट हाय त्यांची. मी नाय करणार मंजूर. कामावरून काढायचं तर काढा.”

सुश्रुत खुर्ची ओढून बसला, मालकाच्या पासवर्डने आत शिरला आणि मंजुरीची पायरी गाळून काम थेट साइटवर चढवलं. शेवटची सवय अजून फळ्यावर तशीच होती, ठळक अक्षरांत, खाली रेघ मारलेली. भिंतीवरची चौथी चौकट हिरवी झाली. आत आकडा, बारा. शेजारच्या खऱ्या आकड्यांत तो खोटा आहे हे कुणाच्या बापाला ओळखता आलं नसतं.

लाज वाटायला हवी होती. निदान एकाला तरी. पोरं खाली मान घालून वहीत बघत राहिली.

मनस्वीने घड्याळ पाहिलं. शिफ्टला जाताना गेटवर मोबाइल जमा करून घेतात, मग सुटेपर्यंत माणूस सापडत नाही. तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सुश्रुतच्या पुढ्यात ठेवला.

“बाबांना तुम्हीच सांगा, सर. शेडमध्ये बारा हाय, खुशाल जा म्हणून.”

“मनस्वी, तमाशा नकोय मला.”

“हॅलो? बोल गो मने लवकर, गेटवर आलोय.” तिच्या बाबांचा, हिरामणचा आवाज खोलीभर झाला. मागे बसचा हॉर्न आणि माणसांचा गलका.

सुश्रुतला फोन बंद करता आला असता. त्याचं बोट तिथवर गेलंही होतं.

“काका, मी सुश्रुत बोलतोय. मनस्वीच्या ऑफिसातला.”

“व्हय व्हय, साहेब! पोर बरी हाय ना माझी?”

“बरी आहे.” त्याने भिंतीकडे पाहिलं. चौकट हिरवीच होती, त्यानेच केलेली. मग म्हणाला, “काका, आज चार नंबरच्या शेडमध्ये जाऊ नका तुम्ही.”

“का वो? काय झाला?”

“काही नाही झालं. पण जाऊ नका. ऐका माझं.”



“बरा. साहेब सांगतात तं नाय जात. पोटात दुखतंय म्हणून सांगतो,” हिरामण म्हणाला. “पण मी नाय गेलो तं माझ्या जोडीच्या पोपटला धाडतील आत. त्याचा नंबर देऊ का तुम्हाला?”