येतो, थांब

कृष्णातनं हात पुढं केलाच नाही. डाव सुरू करण्याआधी समोरच्याशी हात मिळवायचा ही साधी रीत. मधुचा हात पटावर तसाच अवघडून राहिला आणि मग घड्याळाचं बटण दाबायला गेला. एकवीस वर्षांनी दोघं समोरासमोर बसले होते, तेही सांगलीच्या स्पर्धेत पंचांनी काढलेल्या जोड्यांच्या कृपेनं.

एके काळी दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. वाईचा मधु तेव्हा चार वर्षं शिराळ्याच्या बँकेत नोकरीला होता. कृष्णात तिथलाच. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांचा पट मांडलेला असे. वाचनालयात काम करणारी अंजना कृष्णातच्या शेजारची. ती मधेच येऊन उभी राहायची आणि कुणी न विचारता चाल सुचवायची. बहुतेक वेळा ती चाल बरोबर असायची. आपल्याला बुद्धिबळाचा नाद आहे की अंजनाचा, हे वर्षभरानंतर मधुला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

मग एका घोड्यावरून दोन मित्रांचं बिनसलं. कृष्णातनं घोड्याला हात लावला आणि हलवला उंट. हात लावला तोच मोहरा हलवायचा, म्हणून मधु अडून बसला. कृष्णातनं पट उधळला. तिशीला टेकलेली दोन शहाणी माणसं पंधरा दिवस एकमेकांशी बोलली नाहीत.

त्यातच मधुची साताऱ्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं धीर करून अंजनाला गाठलं. "उद्या साडेपाचची गाडी आहे. मनात असेल तर त्याआधी स्टँडवर ये. मग मी तुझ्या घरी बोलायला येतो. नाही आलीस तर मी समजेन." ती खाली मान घालून पुस्तकांवर नंबर टाकत राहिली.

दुसऱ्या दिवशी मधु चारपासून स्टँडवर होता. ती आली नाही. साडेपाचला पाच मिनिटं असताना मोबाइल वाजला. कृष्णातच्या नंबरवरून मेसेज होता. दोनच शब्द. येतो. थांब.

मधुचं डोकंच उठलं. जिनं यायचं ती येत नाही, आणि याला आत्ता समेट करायचा आहे! पुढची गाडी सातला होती. अंजनासाठी तो दुसऱ्या दिवसापर्यंत तिथं बसून राहिला असता. कृष्णातसाठी दहा मिनिटंही नाही. तो गाडीत चढला आणि उंब्रज येईपर्यंत त्यानं फोन बंद ठेवला. पुढचे तीन दिवस कृष्णातचे फोन येत होते. त्यानं एकही उचलला नाही.

नंतर लग्न झालं, मुलगी झाली, संसार चांगलाच झाला. पण ती आली नाही, हे आत कुठंतरी बसून राहिलं. खरं सांगायचं तर त्या दुःखाचा मधुला थोडा अभिमानही वाटायचा.

आजचा डाव कृष्णातनं जिंकला. मधुचं पटावर लक्षच नव्हतं. बाहेर चहाच्या गाड्यावर त्यानं कृष्णातला गाठलं.

"एका घोड्यापायी अजून राग धरून बसलायस?"

"घोड्याचं कोण बोलतंय रं?" कृष्णात उसळला. "पोरीला बोलावलंस आन् गाडीत बसून निघून गेलास. लाज वाटाय पायजे."

"ती आलीच नाही."

"आली हुती. त्या दिवशी तिला बघाय पावणं आलं हुतं. चहाचा ट्रे तसाच ठिवून परसदारानं माझ्याकडं आली. माझा फोन घिऊन तुला मेसेज केला, आन् पळत स्टँडवर गेली. सातची गाडी गेली तरी बसून हुती तितं. महिन्याभरात त्याच पावण्यांच्यात दिली तिला."

मधुला वाटलं, हा सूड उगवतोय. "तो मेसेज तुझा होता," तो म्हणाला. "'येतो' लिहिलं होतं."

"मग? आमच्याकडं बाया 'येतो'च म्हणत्यात की. चार वर्सं कानात बोळं घालून ऱ्हायला हुतास व्हय?"

"म्हणतात, मला ठाऊक आहे. पण अंजना नाही म्हणायची. ती कायम 'येते' म्हणायची. आणि मला 'थांब' कशाला म्हणेल? अहो-जाहो करायची ती मला."

कृष्णातनं कप खाली ठेवला. त्याचा राग कुठल्या कुठं गेला होता.

"तुज्यासमोर, गड्या," तो म्हणाला. "तुज्यासमोर."

मधुला आठवलं. शिराळ्यातला पहिलाच आठवडा होता. अंजना म्हणाली होती, "थांबा, मी पुस्तक घेऊन आलो." आणि तो खो खो हसला होता. 'आलो' काय, तू मुलगा आहेस का? नुसती गंमत केली होती त्यानं. तीही हसली होती. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याशी एकेक शब्द जपून, वाईच्या बायकांसारखं बोलू लागली, आणि आपल्यासाठी ही बदलली याचं त्याला केवढं कौतुक वाटलं होतं! चार वर्षं ती त्याच्याशी परक्याशी बोलावं तसं बोलत होती. त्या एका संध्याकाळी तिनं त्याला घरचं माणूस समजून दोन शब्द लिहिले, आणि नेमकं म्हणूनच त्यानं तिला ओळखलं नाही.